पगारपत्रकातील दोनशे रुपये आणि मतदार यादीतील नाव: कंपनीने कर्मचाऱ्यांच्या नागरिकत्वाला साथ कशी द्यावी

महाराष्ट्रातील एखाद्या कारखान्याचे किंवा कार्यालयाचे पगारपत्रक हाती घेतले, तर कपातींच्या रकान्यात ‘पी. टी.’ ही दोन अक्षरे आणि त्यांच्यापुढे दोनशेचा आकडा बहुधा दिसतोच. फेब्रुवारीत तो आकडा तीनशे होतो आणि वर्षाची बेरीज २,५०० वर थांबते. ‘पी. टी.’ म्हणजे व्यवसाय कर, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. तो कशासाठी सुरू झाला, हे मात्र पगारपत्रक तयार करणाऱ्यालाही अनेकदा सांगता येत नाही. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळल्यानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला पैसा कमी पडू नये, म्हणून १९७५ च्या कायद्याने हा कर आला. शहरात नियमित पगार मिळवणाऱ्याने खेड्यातील बेकार हातांना काम मिळावे यासाठी दरमहा थोडी रक्कम द्यावी, असा तो व्यवहार होता. ज्या कामगाराच्या आजोबांनी ७२ साली रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडली, त्याच्याच पगारातून आज हे दोनशे रुपये कापले जातात आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

नागरिकशास्त्र शाळेत वीस गुणांपुरते शिकून संपते, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात त्याची गरज पहिला पगार हातात पडतो तेव्हा सुरू होते. हे मार्गदर्शन कारखान्यांचे मालक, मनुष्यबळ विभागातील अधिकारी आणि लहान कार्यालये चालवणारे उद्योजक यांच्यासाठी आहे. कंपनीने कर्मचाऱ्याला नागरिक म्हणून वेळ द्यावा, कागदांसाठी मदत करावी आणि खरी माहिती पुरवावी. मत मात्र कधीही देऊ नये, ही या लेखनामागची भूमिका आहे. पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट या एका मर्यादेत बसते की नाही, हे वाचकाने तपासत राहावे.

कंपनीने यात का पडावे

‘आम्ही उत्पादन करतो, समाजकारण आमचे काम नाही’ असे सांगणारे मालक भेटतात, आणि त्यांचे म्हणणे वरवर रास्त वाटते. तथापि तहसील कार्यालय, महापालिकेचे क्षेत्रीय कार्यालय, तलाठी, ग्रामपंचायत आणि बँक यांच्या वेळा आणि पहिल्या किंवा सर्वसाधारण शिफ्टच्या वेळा जवळजवळ एकच आहेत. माणसाचा दिवसाचा उजेड कंपनीच्या ताब्यात असतो. त्यामुळे त्याला नागरिक म्हणून वागता येणार की नाही, हे ठरवण्यात कंपनीचा हात असतोच, मग तिची तशी इच्छा असो वा नसो. जी कंपनी काहीच करत नाही तिने तटस्थता पाळली असे होत नाही. तिने ‘नाही’ असे उत्तर दिलेले असते, एवढेच.

दुसरे कारण अधिक रोकडे आहे. जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला, नावातील दुरुस्ती, शिधापत्रिका अशा कामांसाठी कर्मचारी वर्षभर अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या रजा टाकत असतात, आणि कोणते काम कोठे, किती दिवसांत व्हायला हवे हे माहीत नसल्यामुळे एका कामासाठी तीन-तीन खेटे घालतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये लागू झाला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्यानुसार हक्क आहे, अपिलाची सोय आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून यातील बरेच अर्ज घरबसल्या करता येतात. हे ज्याला माहीत आहे तो कर्मचारी एक रजा टाकतो. ज्याला माहीत नाही तो तीन टाकतो आणि वर दलालाला पैसे देतो.

तिसरे कारण हिंजवडीच्या रस्त्यावर रोज संध्याकाळी उभे असते. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान औद्योगिक विकास महामंडळाने (एमआयडीसीने) उभारले. हिंजवडी, माण आणि मारुंजी ही गावे ग्रामपंचायतींची. शेजारचे वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे. वाहतुकीचे नियंत्रण पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे. तेथे कामाला येणारे असंख्य लोक कोथरूड, बाणेर किंवा वाकडचे मतदार आहेत, म्हणजे ज्या गावाच्या रस्त्यावर त्यांचे आयुष्य खर्ची पडते त्या गावाच्या कारभारात त्यांना मत नाही. कोंडीबद्दल सगळे चिडतात. पण तक्रार कोणाच्या नावाने लिहायची, हे विचारले की शांतता पसरते. या शांततेची किंमत कंपन्याही मोजतात, फक्त ती ताळेबंदात वेगळी दाखवली जात नाही.

आधी कुंपण घालावे

कोणताही उपक्रम सुरू करण्यापूर्वी एका पानाचा लेखी नियम करावा, तो मराठीत आणि हिंदीत नोटीस बोर्डावर लावावा आणि त्यावर संचालकाची सही असावी. अधिकारी व हाताखालचा माणूस यांच्यातील नाते समान नसते. साहेबाने सहज म्हणून विचारलेला ‘यंदा कोणाला?’ हा प्रश्न हेल्परच्या कानी सहज पडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० ते १७४ मध्ये निवडणुकीतील लाचलुचपत, गैरवाजवी दबाव आणि तोतयेगिरी यांची व्याख्या व शिक्षा आहे, आणि नोकरीची भीती दाखवून मतावर परिणाम करणे हा प्रकार या दबावापासून फार लांब नाही.

नियमात काय असावे? कंपनीच्या जागेत, गणवेशात किंवा कंपनीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणत्याही पक्षाचा वा उमेदवाराचा प्रचार होणार नाही. कोणत्याही वरिष्ठाने कर्मचाऱ्याला मत कोणाला दिले किंवा देणार हे विचारायचे नाही. उमेदवार किंवा त्याचे कार्यकर्ते मतदारांची ने-आण करण्यासाठी कंपनीची बस मागू लागले, तर ती द्यायची नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३(५) नुसार उमेदवाराकडून किंवा त्याच्या संमतीने मतदारांची अशी मोफत वाहतूक होणे हा भ्रष्ट आचार ठरतो. संचालक मंडळाला राजकीय पक्षाला देणगी द्यायची असेल तर तो कंपनी कायद्याच्या कलम १८२ खालचा वेगळा विषय आहे. त्याची सावलीही या उपक्रमावर पडू देऊ नये. आणि वर्गात बोलायला सध्याचा नगरसेवक, आमदार किंवा इच्छुक यांपैकी कोणालाही बोलवू नये, मग तो कितीही चांगला वक्ता असो.

एक अनुभव येथे सांगणे योग्य होईल. माझ्या परिचयाच्या एका कंपनीत मतदानाच्या दिवशी शाई लावलेल्या बोटाचे छायाचित्र विभागाच्या गटावर टाकण्याची सूचना निघाली. हेतू चांगला होता. दुपारपर्यंत एका विभागप्रमुखाने ज्यांची छायाचित्रे आली नाहीत त्यांची नावे गटावर लिहिली. त्या यादीतील एकाचे नाव मतदार यादीतून गळले होते, एकीची आई रुग्णालयात होती आणि एकाने ठरवून मतदान केले नव्हते. तिघांनाही सर्वांसमोर खुलासा द्यावा लागला. मतदान न करणे हीदेखील व्यक्तीची खासगी बाब आहे, तिची हजेरी घेऊ नये. छायाचित्र कोणाला हौसेने टाकायचे असेल तर त्याने आपल्या खात्यावर टाकावे.

मतदार यादी: येथे सर्वाधिक वेळ द्यावा

मतदान वाढवण्यासाठी घोषवाक्ये, रांगोळ्या आणि शपथा यांवर जेवढी शक्ती खर्च होते, तिच्या निम्मी शक्ती जरी यादीतील नाव तपासण्यावर लावली तरी अधिक काम होईल. औद्योगिक पट्ट्यातील कामगाराची अडचण उत्साहाची कमी आणि पत्त्याची जास्त असते. तो चाकणला खोली करून राहतो, त्याचे नाव यवतमाळ जिल्ह्यातील गावी आहे, आणि लग्न झाल्यावर खोली बदलल्यामुळे त्याच्या पत्नीचे नाव तिसऱ्याच ठिकाणी, बहुधा माहेरी, राहिले आहे.

कंपनीने आधी एक साधी मोहीम करावी. पगाराच्या दिवशी, कॅन्टीनच्या दारात, दोन टेबले आणि दोन मोबाइल किंवा लॅपटॉप ठेवावेत आणि ज्याला इच्छा असेल त्याने निवडणूक आयोगाच्या मतदार संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर आपले नाव शोधून पाहावे. शोधताना ओळखपत्रावरील क्रमांक, विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि मतदान केंद्र या चार गोष्टी त्याने स्वतःच्या कागदावर लिहून घ्याव्यात. कंपनीने त्याची नोंद ठेवू नये. ओळखपत्र खिशात आहे म्हणजे नाव यादीत आहे, हा गैरसमज फार पसरलेला आहे. मतदानाचा हक्क यादीतील नावाने मिळतो, ओळखपत्राने फक्त माणूस पटतो.

त्यानंतर प्रत्येकाची वाट वेगळी होते. ज्याचे नाव कोठेच नाही त्याने नमुना ६ भरावा. पत्ता बदलला असेल, नावात चूक असेल किंवा ओळखपत्र हरवले असेल, तर नमुना ८. हे अर्ज ऑनलाइन भरता येतात किंवा त्या भागाच्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतात. चौकशीसाठी १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख, म्हणजे ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात ती तारीख, होती आणि २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला वर्षभर थांबावे लागे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. शिकाऊ उमेदवार घेणाऱ्या कारखान्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण आयटीआयमधून येणारी मुले नेमकी याच वयाची असतात. रुजू होतानाच्या कागदपत्रांत बँक खाते, भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विमा यांच्या अर्जांसोबत नमुना ६ चा एक कोरा कागद ठेवला, तर अर्धे काम तेथेच होते.

गावी नाव ठेवायचे की येथे आणायचे, हा निर्णय कामगाराचा आहे आणि तो सोपा नाही. कायदा म्हणतो की नाव एकाच ठिकाणी असावे आणि माणूस जेथे सर्वसाधारणपणे राहतो तेथे असावे. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही आणि अर्जात खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. पण गावातील नाव काढले की सातबाऱ्यावरचे नाव जाईल, घरकुलाच्या यादीतून वगळले जाईल किंवा ग्रामपंचायतीत आपले वजन राहणार नाही, अशी भीती माणसाच्या मनात असते. यातील पहिली भीती निराधार आहे, कारण सातबारा आणि मतदार यादी यांचा संबंध नाही. शेवटची मात्र खरी आहे. वर्गात या दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे सांगाव्यात आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. कंपनीने ‘सर्वांची नावे स्थानिक यादीत आणा’ अशी मोहीम काढली, तर त्यात स्थानिक राजकारणाचा वास येऊ लागतो आणि वर सांगितलेले कुंपण मोडते.

भाड्याच्या खोलीत चौघे मिळून राहणाऱ्यांकडे पत्त्याचा पुरावा नसतो. घरमालक नोंदणीकृत भाडेकरार करत नाही आणि वीजबिल त्याच्या नावाचे असते. अशा वेळी पुराव्याअभावी अर्जच न करणे चुकीचे ठरते, कारण पुरावा नसल्यास बीएलओने प्रत्यक्ष जागी जाऊन पडताळणी करायची असते. बीएलओ येतो तेव्हा कामगार मात्र शिफ्टमध्ये असतो. या एका प्रसंगासाठी दोन तासांचा गेट पास देण्याची तयारी कंपनीने ठेवावी.

आणखी एक बाब परराज्यातील कामगारांची. २०२५ च्या जूनमध्ये बिहारमध्ये मतदार यादीची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात काम करणाऱ्या बिहारच्या मतदारांनाही आपले नाव टिकवण्यासाठी अर्ज भरणे भाग होते. अशा वेळी ठेकेदाराच्या मुकादमाकडून मिळणारी माहिती अर्धवट असते. मनुष्यबळ विभागातील एखाद्याने आयोगाचे मूळ परिपत्रक वाचून त्याचा हिंदीत चार ओळींचा गोषवारा नोटीस बोर्डावर लावला, तर ते काम खूप मोलाचे ठरते.

स्थानिक निवडणुकांबाबत एक बारकावा जवळजवळ कोणालाच माहीत नसतो. महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्याची स्वतंत्र नावनोंदणी नसते. तो विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेला घेऊन प्रभागनिहाय फोडतो. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जवळपास चार वर्षे प्रशासकांचा कारभार चालला. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले तेव्हा त्यासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरलेली होती. त्यानंतर ज्यांनी नाव नोंदवले, ते केंद्रावरून परत फिरले. निवडणूक जाहीर झाल्यावर जागे होणाऱ्या मोहिमा म्हणूनच निरुपयोगी ठरतात. यादीची तपासणी दर तिमाहीस, अर्हता तारखांच्या महिनाभर आधी, ठरवून करावी.

मतदानाचा दिवस

लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली आलेले कलम १३५ब स्पष्ट आहे: लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानादिवशी मतदार असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला भरपगारी सुट्टी द्यायची, रोजंदारीवरील माणूसही त्यात येतो. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान संभवते अशा कामाला अपवाद आहे. मालकाला होणारा दंड पाचशे रुपयांपर्यंत आहे, म्हणजे आजच्या काळात तो असून नसल्यासारखा. त्यामुळे हे कलम पाळले जाणे कंपनीच्या इच्छेवर अवलंबून राहते. स्थानिक निवडणुकांच्या वेळी राज्याचा कामगार विभाग वेगळे परिपत्रक काढतो. ते काळजीपूर्वक वाचावे, कारण अपवादात्मक परिस्थितीत सुट्टीऐवजी काही तासांची सवलत देण्याच्या अटी त्यातच असतात.

सर्वाधिक चुका दोन ठिकाणी होतात. पहिली चूक कंत्राटी कामगारांची. कायम कामगाराला सुट्टी आणि ठेकेदाराच्या माणसाला ‘खाडा’ हा प्रकार आजही चालतो. मुख्य मालकाने ठेकेदाराला लेखी कळवावे की त्या दिवसाची मजुरी बिलात धरली जाईल आणि ती माणसापर्यंत पोचल्याचे हजेरीपटावरून तपासले जाईल. दुसरी चूक बाहेरच्या मतदारांची. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पाच टप्पे होते: १९ आणि २६ एप्रिल, ७, १३ आणि २० मे. चाकण ज्या शिरूर मतदारसंघात येते तेथे मतदान १३ मे रोजी होते, तर यवतमाळ-वाशीमचे २६ एप्रिलला उरकले होते. ज्या कंपन्यांनी फक्त १३ मेची सुट्टी लावली, त्यांनी यवतमाळच्या माणसाला त्याची सुट्टी नको त्या दिवशी दिली. मतदारसंघ कंपनीच्या पत्त्याचा नव्हे, कर्मचाऱ्याच्या नावाचा धरावा लागतो. आयोगाचे म्हणणेही तेच आहे. दूरचा प्रवास असलेल्यास आदल्या दिवशी रजा जोडण्याची मुभा द्यावी आणि ती नाकारण्याचा अधिकार लाइन सुपरवायझरकडे न ठेवता एक पायरी वर ठेवावा.

कार्यालयीन नोकरदारांची गोष्ट वेगळी आहे. २० मे २०२४ हा सोमवार होता. शनिवार-रविवार जोडून आला आणि दक्षिण मुंबईत मतदान जेमतेम ५० टक्के झाले. विधानसभेसाठी आयोगाने २० नोव्हेंबर २०२४ हा बुधवार मुद्दाम निवडला, कारण शहरी मतदार सुट्टीला सुट्टी जोडतो हे त्याला ठाऊक होते. तरीही राज्यात ६६ टक्क्यांच्या आसपास मतदान झाले असताना कुलाब्यात ते ४४ टक्क्यांच्या आसपास राहिले. अशा कार्यालयांत सुट्टी देणे हा प्रश्न नसतोच. तेथे मतदान केंद्र कोठे आहे, रांग कोणत्या वेळी कमी असते, मोबाइल आत नेता येतो का, ओळखपत्र नसल्यास आधारकार्ड किंवा पासपोर्ट चालतो का, असे बारीक प्रश्न असतात, आणि त्यांची उत्तरे तीन दिवस आधी एका ईमेलमध्ये दिली तर निमित्ते कमी होतात. लोणावळ्याला जाणारे जातीलच.

महापालिकेच्या मतदानाआधी आणखी एक छोटे प्रात्यक्षिक घ्यावे. पुण्यासारख्या शहरात बहुतेक प्रभागांतून चार सदस्य निवडायचे असतात आणि मतदाराला चारही जागांसाठी स्वतंत्र बटण दाबावे लागते. मुंबईत मात्र एका प्रभागातून एकच. एक बटण दाबून बाहेर पडू पाहणारा मतदार आणि त्याला थांबवणारा केंद्राधिकारी, हे दृश्य पुण्यात पाहायला मिळते. चार रंगांचे चार पुठ्ठे घेऊन दहा मिनिटांत हे समजावता येते.

मतदानाच्या पुढचे चार वर्षे अकरा महिने

येथे कंपनीला करण्यासारखे अधिक आहे, आणि त्यात वादाचा धोकाही कमी. गावात राहून कारखान्यात येणाऱ्यांसाठी ग्रामसभा ही सर्वात जवळची संस्था. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा दिवशी घेण्याची पद्धत आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ नुसार याच चार दिवसांची भरपगारी सुट्टी द्यावी लागते. म्हणजे अशा आस्थापनांत वेळेची सोय कायद्याने आधीच केलेली आहे. ध्वजवंदनासाठी कामगाराला दुपारपर्यंत गेटवर थांबवून ठेवले नाही, तरी पुरे. ज्या कारखान्यात सुट्टीदिवशी दुप्पट मजुरीवर काम चालते, तेथे ग्रामपंचायत सदस्य असलेल्या कामगारांना त्या दिवशी बोलावू नये. असे सदस्य मोठ्या कारखान्यांत हमखास असतात. मासिक सभेसाठी त्यांना बिनपगारी का होईना पण बिनतक्रार रजा मिळावी आणि निवडणूक लढवू इच्छिणाऱ्यासाठी रजेचा नियम आधीच लिहिलेला असावा. माणूस पाहून रजा दिली किंवा नाकारली, की कंपनीने बाजू घेतली असे होते.

शहरातील कर्मचाऱ्यांसाठी पुणे महापालिकेचे सहभागी अंदाजपत्रक हे चांगले साधन आहे. २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातील छोटी कामे, जसे पदपथ, बसथांबा, पथदिवे, अर्ज भरून सुचवता येतात. या अर्जांची मुदत जाहीर झाली की त्याची सूचना गटावर द्यावी. कोणते काम सुचवायचे हे कंपनीने सांगू नये. विशेषतः स्वतःच्या फाटकासमोरचा रस्ता दोनशे कर्मचाऱ्यांच्या अर्जांतून करून घेण्याचा मोह आवरावा. तो रस्ता हवा असेल तर कंपनीने स्वतःच्या लेटरहेडवर मागावा.

माहितीचा अधिकार मात्र जरूर शिकवावा. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा कायदा केला होता. केंद्राचा २००५ मध्ये आला. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, त्यानंतर अपील. लोक यात चुकतात ते प्रश्न विचारण्यात. ‘आमच्या गल्लीत पाणी का येत नाही?’ असा अर्ज केला की उत्तर येत नाही, कारण ‘का’ हा खुलासा झाला. ‘या जलवाहिनीच्या कामाच्या कार्यादेशाची आणि पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत द्यावी’ असे लिहिले की कागद हाती येतो. एका तासाच्या वर्गात प्रत्येकाने आपला एक अर्ज लिहावा आणि शेजाऱ्याने त्यातील ‘का’ खोडावा; याहून चांगला पाठ मला माहीत नाही.

आणि हिंजवडीसारख्या ठिकाणी एक नकाशा भिंतीवर लावावा. घरापासून कंपनीपर्यंतच्या रस्त्याचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्यावर तो कोणाचा हे लिहावे: महापालिका, सार्वजनिक बांधकाम, पीएमआरडीए, एमआयडीसी, ग्रामपंचायत. हे शोधून काढायला कर्मचाऱ्यांना दोन आठवडे लागतील. लागू द्यावेत.

वर्ग कसे घ्यावेत

दिवसभराचे शिबिर ठेवू नये. महिन्यातून एकदा, वीस मिनिटे, शिफ्ट बदलताना किंवा जेवणानंतर, कामाच्या वेळेत; कामानंतर ठेवले की बस पकडणारे सगळे निघून जातात आणि उरतात ते साहेबांना दिसायचे असलेले. पहिला वर्ग पगारपत्रकावर घ्यावा, कारण तो कागद प्रत्येकाच्या ओळखीचा असतो: व्यवसाय कर कोणाला जातो, दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो का लागत नाही, भविष्य निर्वाह निधीची रक्कम कोठे पाहायची. पुढे मालमत्ता कर, मग प्रभाग, मग ग्रामसभा. शिकवायला बाहेरचा व्याख्याता लागतोच असे नाही; निवृत्त ग्रामसेवक, तहसीलमध्ये काम केलेले अव्वल कारकून किंवा कंपनीतलाच एखादा माजी सरपंच हे अधिक नेमके बोलतात, फक्त तो आज कोणत्या पक्षाचा पदाधिकारी नाही ना, एवढे पाहावे. २६ नोव्हेंबरला संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन आता बऱ्याच ठिकाणी होते. ते अवश्य करावे. पण छायाचित्र काढून झाल्यावर पुन्हा पुढच्या नोव्हेंबरपर्यंत काहीच घडणार नसेल, तर त्याचे वर्तमानपत्री मूल्य सोडून दुसरे मूल्य उरत नाही.

कंपनीच्या आतली मंडळे येथे विसरू नयेत. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी कार्य समितीची, म्हणजे मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींच्या संयुक्त समितीची, कल्पना १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने आणली आणि औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्येही ती आहे. वीस किंवा अधिक कामगारांसाठी तक्रार निवारण समितीही आहे. जेथे या समित्यांचे प्रतिनिधी मालकच ‘निवडतो’, तेथील कामगार बाहेरच्या निवडणुकीविषयीचे व्याख्यान मनातल्या मनात हसत ऐकतो. इतिवृत्त लिहिणे, ठराव मांडणे, विरोधी मत नोंदवून घेणे या सवयी येथे लागल्या तर त्या गृहनिर्माण संस्थेत आणि ग्रामसभेत आपोआप जातात.

खर्च आणि हिशेब

हा खर्च सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे सीएसआरच्या दोन टक्क्यांत बसवता येईल का, असे वित्त विभाग विचारतोच. येत नाही, स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च त्या नियमांतून वगळलेला आहे, आणि राजकीय पक्षांना दिलेली देणगीही. तो प्रशिक्षणाच्या खात्यात धरावा. रक्कम फार नसते: वर्षाला बारा वेळा वीस मिनिटे, दोन टेबले, काही झेरॉक्स आणि काही गेट पास. भोसरीतील बारा माणसांच्या वर्कशॉपला एवढेही लागत नाही. तेथे हिशेबनीसाने तिमाहीस एकदा आपल्या मोबाइलवर सर्वांची नावे शोधायला मदत केली आणि बीएलओचा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवला, तरी काम भागते.

यश मोजताना किती जणांनी मतदान केले हा आकडा मागू नये. किती जणांनी स्वतःहून नाव तपासले, नमुना ८ चे किती कोरे अर्ज संपले, दाखल्यासाठीच्या अर्ध्या रजा कमी झाल्या का, मतदानादिवशी किती कंत्राटी कामगारांना मजुरी मिळाली, एवढ्या चार नोंदी पुरतात. त्या नावांशिवाय ठेवाव्यात. सुरुवात करण्यासाठी २५ जानेवारीच्या राष्ट्रीय मतदार दिनाची वाट पाहू नये. पुढची अर्हता तारीख कोणती, ते कॅलेंडरवर पाहावे, तिच्या महिनाभर आधीचा पगाराचा दिवस निवडावा आणि कॅन्टीनच्या दारात दोन टेबले मांडण्यास प्रशासन विभागाला आजच सांगावे.